अनुभव धागा: दोन खलनायक भिडले तर जिंकेल कोण? तुमच्या ओट्यावर काय ठरलं होतं?

परवा रात्री लाईट गेली तसे गल्लीतले पोट्टे आमच्या ओट्यावर जमले. मी आत जेवत होतो. बाहेर भांडण पेटलं, मार्व्हलच्या सिनेमातला, चुटकीनं अर्धं विश्व संपवणारा थॅनॉस भारी की शक्तिमानमधला किल्विष. किल्विष त्यांना मोबाईलवर सापडलेला. माझी पोरगी पाचवीत आहे, तिनं मधेच नियम घातला, "चुटकी वाजवायची नाही. हातातलं ते काढून ठेवायचं, मग बोला." माझा घास हातातच राहिला. हाच नियम माझ्या चुलतभावानं १९९४ च्या थंडीत केला होता. त्याचे शब्द होते, "हत्यार जप्त."

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. हरभऱ्यानं घाटे धरले की रानडुकरं आणि रोही (नीलगायी) यायचे, म्हणून जागल. मचाणावर मी आणि तो चुलतभाऊ, म्हणजे दादा, खाली जाळ, वाजवायला तेलाचा रिकामा पिपा. झोप येऊ नये म्हणून दादा रोज एक जोड लावून द्यायचा, आखाड्यात लावतात तशी. गब्बर आणि मोगॅम्बो. शाकाल आणि तात्या विंचू. सगळे गणपतीत भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर पाहिलेले. टोळी नाही, बंदूक नाही, तेजाबाचा हौद नाही. हत्यार जप्त झाल्यावर जो उरतो तोच खरा गडी, असं दादाचं म्हणणं.

दादा पक्का गब्बरचा. एका रात्री मी म्हटलं, ज्याला दोन्ही हात नसलेल्या ठाकूरनं नुसत्या खिळ्यांच्या बुटांनी लोळवलं तो मोगॅम्बोपुढं काय टिकणार? दादा काही बोललाच नाही. खाली उतरला, जाळात पऱ्हाट्या सारल्या आणि पिपा बडवत पार धुऱ्यापर्यंत जाऊन आला. डुक्कर नव्हतंच. पुढच्या वर्षी तो कामाला पुण्याकडं गेला, ती कुस्ती तशीच राहिली.

तुमच्याकडं कोणाची जोड लागायची? नियम काय होते? लिहा राजेहो.

भुलाबाईची_मैत्रीण
तात्या विंचू. विषय संपला. भाकरी टाकून राह्यली, नंतर लिहिते.

संत्राबाग
मोगॅम्बो. त्याच्याकडं अख्खं बेट होतं.

पऱ्हाटी
@संत्राबाग बेट जप्त झालं ना भाऊ. वरचा नियम वाचा.

भुलाबाईची_मैत्रीण
झाल्या भाकरी. तर आमच्याकडं हे सगळं भुलाबाईत चालायचं. घरोघरी गाणी म्हणत फिरायचं, शेवटी खाऊ ओळखायचा. एखादी काकू खाऊचा डबा उघडायला उशीर करायची, तेवढ्यात आमचं सुरू. तात्या विंचूचा तो १९९३ चा 'झपाटलेला' सिनेमा तालुक्याच्या यात्रेत तंबूत पाहिला. आल्याबरोबर मी आणि ताईनं घरातल्या झाडून साऱ्या बाहुल्यांच्या भुवयांच्या मधोमध काजळाचा ठिपका लावला. त्याला गोळी तिथंच लागली पाहिजे ना, मग नेम चुकायला नको. कपड्याच्या बाहुल्या होत्या, काजळ धुतल्यानं गेलंच नाही. त्यातली एक अजून माहेरी कोठीच्या खोलीत आहे, ठिपक्यासकट. माझ्या लेकीनं विचारलं, हिला गंध कोणी लावलं.
आणि मंत्र हत्यारात धरायचा नाही. मंत्र तोंडात असतो, जप्त कसा करणार?

धानपट्टी
आमच्याकडं शिनेमाचे नाही जी, नाटकाचे खलनायक. मी वडसा भागातला. दिवाळीनंतर मंडई लागली की दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्री नाटक, उजाडेपर्यंत. एकाच गावात एकाच रात्री दोन-दोन, तीन-तीन मंडळांचे शामियाने. मग खरी लढाई अशी की कोनत्या शामियान्यातला खलनायक जास्त शिट्ट्या घेते. आमी पोरं कनातीखालून इकडून तिकडं पळत होतो. एकानं हिरोइनीच्या बापाले लाथ मारली की तिकडची बातमी आमी इकडं आनायचो, "तिकडच्यानं तं आईलेच घराबाहेर काढली!"
एका वर्षी दोन्ही खलनायक आमच्याच घरी उतरले. सकाळी चहाले उठवाले गेलो तं दोघं एकाच बाजेवर बसून. कानामागं रंग तसाच, मिशी एकाची निघाली, एकाची चिकटलेली. दोघायचा आवाज पार बसलेला. एकानं खिशातून लवंगा काढल्या, दोन सोताले ठेवल्या, दोन दुसऱ्याच्या हातावर ठेवल्या. रातभर मी ज्याईची कुस्ती लावत होतो ते हे. झाडीपट्टीच्या नाटकातले कलाकार परशुराम खुणे यांना २०२३ मदे पद्मश्री भेटली, त्या दिवशी मले त्या लवंगाच आठवल्या.

पऱ्हाटी
@धानपट्टी काय लिहिलं भाऊ!

यष्टीवाला
हे तात्या विंचू, गब्बर ठीक आहे. पण राका? चाचा चौधरीतला. चक्रमाचार्याचं औषध पिऊन बसला, मरतच नाही. बडनेऱ्याच्या फलाटावर कॉमिक्स मिळायचं, गाडी सुटेपर्यंत उभ्या उभ्या वाचून परत ठेवायचो. दुकानवाले काका पाहून न पाहिल्यासारखं करायचे. त्यांचे उपकार आहेत. राकाला कोणी हरवू शकत नाही, लिहून घ्या.

भुलाबाईची_मैत्रीण
@यष्टीवाला मरत नाही म्हणजे जिंकतो असं कुठं आहे? साबू त्याला दर वेळी आपटतोच की.

यष्टीवाला
आपटतो, पण संपवत नाही ना. पुढच्या अंकात हजर.

ओलीत_कोरडवाहू
@धागाकर्ता रोही अजून येतात का तुमच्याकडं? कुंपणाच्या तारेले करंट देणारं झटका मशीन लावलं की नाही? आम्ही या वर्षी तुरीला लावायचं म्हणून राह्यलो, सोलरचं. कोणाचा अनुभव असेल तर सांगा. धाग्याचा विषय नाही, माफी.

संत्राबाग
@ओलीत_कोरडवाहू तारेखालचं गवत कापत जा, ते टेकलं की करंट उतरते. बाकी चांगलं आहे.

गाविलगड
रावण आणि कीचक लावून पाहा कोणी. कीचक तर आमच्याच भागातला, भीमानं त्याला मारून दरीत टाकला म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा झालं असं सांगतात. आजोबांचं मोजमाप सोपं होतं. बकासुर, कीचक, जरासंध, तिघांना मारणारा भीम एकच. मग ज्याला मारायला भीमाला जास्त घाम गाळावा लागला तो भारी. जरासंधाचे दोन तुकडे करून फेकले तरी परत जुळत होते, म्हणून पहिला नंबर त्याचा.

मेळघाटातली_बाई
मी धारणी तालुक्यात शिकवते. पाच वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात हाच खेळ घेतला होता. फळ्यावर दोन रकाने केले आणि एका रकान्यात मेघनाद लिहिला. एक कोरकू मुलगा, वर्षभर हजेरीला "हजर" सोडून ज्याचा आवाज ऐकला नव्हता, तो उठला. फळ्यापाशी आला, हातानं ते नाव पुसलं आणि म्हणाला, "बाई, हा आमचा देव आहे." होळीनंतर त्यांच्याकडं मेघनाथाची यात्रा भरते, मोठा खांब उभा करतात, हे मला ठाऊक होतं. मी स्वतः जाऊन आले होते. तरीही लिहिलं. त्याच्या तळहाताला खडू लागलेला होता, तो त्यानं सदऱ्याला न पुसता जपून धरला होता. मी माफी मागितली. नंतर त्यानंच नवीन नाव सुचवलं, मोगली मालिकेतला शेरखान.

गाविलगड
बाई, रावणाचं नाव मी मागे घेतो. पातूर तालुक्यात सांगोळ्याला रावणाची काळ्या पाषाणाची मूर्ती आहे, दसऱ्याला गाव पूजा करतं. माझी मावशी त्याच भागात दिलेली, मला लक्षात राहायला हवं होतं.

धानपट्टी
गडचिरोलीकडं गोंड गावातही पूजा होते जी. बरं केलं बाई लिहिलं ते.

तिसऱ्या_पिढीचा
शेरखान हत्याराशिवाय सगळ्यात भारी. नखं जप्त करता येत नाहीत. ब्रह्मपुरीकडच्या माणसाला विचारा वाघ काय असतो.

चावडीसमोर
माझ्या आजीचा उमेदवार ऐका. निळू फुले. सिनेमातला पाटील. आजी टीव्हीसमोर बोटं मोडायची, "मुडदा बशिवला तुझा." आम्ही तिला सांगायचो की अगं हा माणूस राष्ट्र सेवा दलातला, अंधश्रद्धेविरुद्ध फिरणारा, लय भला. ती म्हणायची, भला असंल, पण नजर पाह्य.
एकदा आम्ही भावंडं मोगॅम्बो की गब्बर करत होतो. आजी सुपात तूर पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "तुमचे दोघंबी पाटलासमोर टिकत नाही. तो कायले मारामारी करते? तलाठ्याले घरी जेवाले बोलावंल, सातबारा फिरवंल, विहिरीवरचं पानी बंद करंल. चार दिवसांनी दोघंबी त्याच्याच वाड्यावर सालदार." आमच्या घरची तीन एकर तशीच गेली होती, हे आम्हाला बरंच मोठं झाल्यावर कळलं. कोणामुळं गेली ते इथं लिहीत नाही. आजीनं त्या दिवशी तूर मात्र शेवटच्या दाण्यापर्यंत पाखडली.

पऱ्हाटी
आजीला दंडवत. माझं मत पाटलाला.

मेळघाटातली_बाई
माझंही.

यष्टीवाला
सातबारा हत्यारात धरायचा का?

चावडीसमोर
@यष्टीवाला आजी असती तर म्हणाली असती, सगळ्यात मोठं तेच.

ओलीत_कोरडवाहू
संत्राबाग भाऊ, गवताचं बरं सांगितलं. बॅटरी कोणती घेतली?

धागाकर्ता
उशिरा आलो, सोयाबीनचं कुटार भरत होतो. सगळ्यांचं वाचलं. लवंगा आणि सूप, दोन्ही घरी मोठ्यानं वाचून दाखवले.
काल रात्री दादाला फोन लावला. तो आता एका कंपनीत रात्रपाळीचा वॉचमन आहे, म्हणजे जागलच. म्हटलं, दादा, गब्बर आणि मोगॅम्बोची जोड लागली आहे. तो लगेच म्हणाला, "हत्यार जप्त केले का?" आणि मग, मी काही विचारायच्या आत, "तुले एक सांगायचं राह्यलं होतं. ठाकूरनं गब्बरले मारलं कुठी? मारणार तेवढ्यात पोलीस आले अन् घेऊन गेले. म्हणजे कुस्ती मधातच सोडवली. निकाल नाही लागला बाबू." तीस वर्षं झाली, माझ्याकडं त्याच्यावर उत्तर नव्हतं. १९७५ साली थेटरात दाखवलेला शेवट तोच आहे.
पोरीला फोन दिला. आता रोज रात्री साडेनऊला तो तिला एक जोड लावून देतो. आजची शेरखान आणि थॅनॉस आहे. ती ओट्यावर वाट पाहून राह्यली, मी चार्जर शोधतो.

भुलाबाईची_मैत्रीण
दादांना विचारा मंत्र जप्त होतो का.