'चार्ज'ला एकच मराठी शब्द? कसा चालेल?

दफ्तरदार: काल इथे कुणीतरी लिहिलं, "चार्जला 'प्रभार' हा एकच प्रतिशब्द ठरवा, गोंधळ संपेल." उलट वाढेल! विद्युत प्रभार ठीक. पण साहेब बदलून गेले की देतात तो कार्यभार, बिलात लागतं ते शुल्क, पोलीस करतात तो लाठीमार. चारही ठिकाणी मराठीला चांगला शब्द आहे, तो का घालवायचा?

शब्दवेडा: ते मीच लिहिलं होतं. इंग्रजीला एक शब्द पुरतो, आपल्यालाच का पुरू नये? मुलांनी किती पाठ करायचं?

कोर्टपेशी: पुरतो कुठे? तपास संपल्यावर पोलीस देतात ती चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९३. न्यायाधीश चार्ज ठेवतात ती आरोपनिश्चिती, आणि ती नंतरची पायरी. आरोपी कोठडीत असताना दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. आरोपनिश्चिती लांबली म्हणून तो हक्क मिळत नाही. बातम्यांत दोन्हीला "आरोप ठेवले" छापतात, आणि आरोपीच्या घरचे लोक नको तिथे धावत राहतात.

गटनंबर: जमिनीवरच्या चार्जला, म्हणजे कर्जापोटी तिच्यावर चढलेल्या भाराला, शेतकरी 'बोजा' म्हणतो. त्याला हात लावू नका. त्यापेक्षा बोजा उतरवायचा कसा ते लोकांना सांगा. कर्ज फिटलं म्हणून सातबारा आपोआप कोरा होत नाही. बँकेचा दाखला घ्या, तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करा. फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरला जातो, हरकतीची नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, तेव्हा कुठे सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातली बोजाची ओळ जाते. दाखल्यात गट नंबर चुकला तर नोंद तिथेच अडते.

कोर्टपेशी: पण 'बोजा' शब्द ढिलाच आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण कलम ५८ मध्ये, चार्ज कलम १०० मध्ये. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध कर्ज देणाऱ्याकडे हस्तांतरित होतो, चार्जमध्ये होत नाही. सातबाऱ्यावर दोन्ही बोजाच.

गटनंबर: म्हणून तर फेरफार उघडून वाचायचा असतो! कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीचा इकरार, म्हणजे जमिनीवर बोजा ठेवल्याचं कर्जदाराने लिहून दिलेलं, तो सहकार कायद्याच्या कलम ४८ खालचा, त्याची नोंद वेगळी. बँकेचा बोजा उतरला तरी इकराराची ओळ राहते आणि खरेदीच्या दिवशी व्यवहार मोडतो. दोष शब्दाचा नाही, न वाचणाऱ्याचा आहे.

कोर्टपेशी: वाचायला हवा, एवढं मान्य. शब्द ढिला तो ढिलाच.

दफ्तरदार: मुळात चार्ज म्हणजे गाडीवर माल लादणं, लॅटिनमधल्या गाडीच्या शब्दावरून आलेला. म्हणजे बोजाच मुळाला सगळ्यात जवळचा.

शब्दवेडा: बरं, कोर्ट आणि महसूल सोडले. विज्ञानात तरी प्रभार एकच ठेवा.

प्रयोगशाळा: तिथेही नाही चालणार. बॅटरी चार्ज केल्यावर तिच्यातला एकूण प्रभार वाढत नाही. जेवढा एका टोकाने आत जातो, तेवढाच दुसऱ्याने बाहेर येतो. साठते ती रासायनिक ऊर्जा. "बॅटरी प्रभारित झाली" असं शिकवलं की पोरं उत्तरात "बॅटरीत इलेक्ट्रॉन भरले" लिहितात. तिथे 'चार्जिंग'च राहू द्या.