आईच्या तोंडाचा वास जात नाही, श्रावणात मासे बंद होते तरी

माडबागेतली, मालवण तालुका:
आईबद्दल असं लिहिताना जीव कचरतो, म्हणून आठवडाभर थांबले. आई ६३ वर्षांची. वर्षभर तिच्या तोंडाला वास येतो आणि तिला ते कळलंय. बोलताना पदर तोंडावर धरते. गुरुवारच्या भजनाला जायची, ते बंद केलं. माझा मुलगा तिच्या कुशीत झोपतो, त्याला आता तीच "तकडे तोंड कर" म्हणते.

शेजारी सगळे म्हणतात मासे. पण श्रावणात आमच्याकडे महिनाभर माशाचा तुकडा शिजला नाही, लसूणसुद्धा नाही, आणि वास तसाच. मग म्हणाले पोट साफ नसेल. त्रिफळा चूर्णाने जुलाब झाले, वास राहिला. लवंग चघळली की अर्धा तास बरं.

वर चार दातांची कवळी आहे, ती रात्रीही काढत नाही. बीपीची गोळी चालू. आणि मशेरी, लग्नाच्या आधीपासून, दोन्ही वेळ. दुखत काही नाही. कुणाकडे नेऊ, पोटाच्या डॉक्टरांकडे की दातांच्या?

गुहागरची सून:
दातांच्या. चमच्याच्या कडेने जिभेचा मागचा भाग हळूच खरवडा, मिनिटभराने चमचा हुंगा. तोच वास आला तर उगम तोंडातच. आमच्या सासूबाईंच्या चमच्यावर पिवळट, दाट साय आल्यासारखा थर होता. तेव्हापासून टंग क्लीनर ब्रशशेजारी टांगलाय.

दातांची डॉक्टर, चिपळूण:
श्रावणातलं तुम्ही बरोबर टिपलंत. लसणाचा वास रक्तातून फुफ्फुसात आणि तिथून श्वासात येतो खरा, पण एक-दोन दिवसांत जातो. वर्षभर टिकणारा वास बहुतेकांच्या बाबतीत तोंडातलाच असतो, पोटातला क्वचित. जिभेच्या मागे, हिरडीच्या फटीत, जिथे हवा पोचत नाही तिथले जिवाणू प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. हायड्रोजन सल्फाइड त्यातलाच, सडक्या अंड्याच्या वासाचा. लाळ हे धुऊन नेते. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, तोंड कोरडं पडतं. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

दुखत नाही यावर जाऊ नका. हिरड्यांचा आजार बराच काळ दुखतच नाही. मशेरीने हिरड्या मागे सरकतात, मुळं उघडी पडतात, तिथे किटण बसतं. ते ब्रशने निघत नाही. "साफ केले की दात ढिले होतात" असं आई म्हणेल, मी हे रोज ऐकते. दात आजाराने आधीच ढिले झालेले असतात, किटणाने ते धरून ठेवलेले असतात एवढंच.

कवळी रात्री काढून, घासून साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात नको, वाकडी होते. क्लोरहेक्सिडिनची गुळणी डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, जास्त घेतली तर दात तपकिरी पडतात. साखर तपासा, मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात. आणि गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, हे मुद्दाम बघायला सांगा. वासापेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटते.

बागवाला, देवगड:
दात, जीभ ठीक निघालं तर घसा दाखवा. माझ्या टॉन्सिलच्या खळग्यांत तांदळाच्या कणीएवढे पांढरे खडे व्हायचे. एक बोटात चुरडला तेव्हा वास कुठला ते कळलं.

माडबागेतली:
तीन आठवड्यांनी लिहितेय. कणकवलीला नेलं. दोन खेपांत किटण काढलं. खालच्या दातांमागून निघालेला एक तुकडा डॉक्टरांनी कापसावर ठेवून दाखवला, कालवाच्या शिंपीच्या कपच्यासारखा, करडा आणि कडक. आई बघतच राहिली. "ह्यां माझ्या तोंडात होतां?" साखर ठीक आहे. चट्टा नाही, पण डाव्या गालात जागा खरखरीत आहे, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. कवळी रात्री स्टीलच्या वाटीत असते. सकाळी उठल्यावर थोडा वास येतो, दिवसभर नाही.

संध्याकाळची मशेरी सुटली. सकाळची सुटत नाही, त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते. कुणी सोडवलीय का?

गुहागरची सून:
सासूबाईंची वर्षाने सुटली. पहिलं काम, घरात तंबाखू भाजणं बंद केलं, तव्याचा वास आला की हात जायचाच. उठल्याबरोबर कोमट पाण्याचा तांब्या हातात द्यायचे आणि लगेच ब्रश. पोट पाच-सहा दिवस अडलं, मग लागलं रांगेला. तंबाखू सोडायला सरकारी मोफत फोन आहे, १८०० ११ २३५६, आईला स्वतः बोलू दे. पहिल्या आठवड्यात चिडेल, तेव्हा तिच्याशी वाद घालू नका. आणि तीन महिन्यांची तारीख चुकवू नका.