मदत हवी आहे: गणपतीला गाडीने मालवण, रोडसाइड असिस्टन्स कुठला घेऊ?

भांडुपकर: गणपतीला मालवणला जातोय, सोबत आई-बाबा आणि छोटी आहे. तीन-चार प्लॅन बघितले, सगळीकडे तेच, टोइंग, पंक्चर, जम्प स्टार्ट. शनिवारी पहाटे निघायचंय, पटकन सांगा कुठला घेऊ.

स्टेपनी७७: गाडी कुठली, किती जुनी? इन्शुरन्स फुल आहे की नुसता थर्ड पार्टी?

भांडुपकर: पेट्रोल आहे. इन्शुरन्स आहे हो, घेऊ कुठला ते सांगा ना.

स्टेपनी७७: आधी पॉलिसीची पीडीएफ उघडा. अ‍ॅड-ऑनमध्ये (जास्तीच्या कव्हरमध्ये) हा असिस्टन्स बऱ्याचदा असतोच आणि लोक परत पैसे भरतात. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचाही असू शकतो.

कोकणी_माणूस: कशाला पैसे घालवता, 66 नंबर नॅशनल हायवे आहे, हायवेची हेल्पलाइन 1033 लावा, फुकट आहे.

घाटवळण: क्रेन रस्ता मोकळा करून देईल हो, गॅरेजपर्यंत नेईलच असं नाही. आणि मालवणकडे वळल्यावर काय? आमची गाडी रात्री चिपळूणच्या अलीकडे बंद पडली, फोनवरचा माणूस लँडमार्क विचारतोय आणि आजूबाजूला नुसता काळोख, शेवटी टॉर्च मारून किलोमीटरचा दगड वाचला. प्लॅनमधला टो फुकट, पण ठरलेल्या किलोमीटरपर्यंतच, पुढचे पैसे आमच्या खिशातून. तेव्हा किती किमी तेवढंच बघा, बाकी सगळं सारखं.

कोकणी_माणूस: एकदा असं झालं म्हणून सगळ्यांनी प्लॅन घ्यायचा का?

सावंतवाडीकर: तुतारी एक्सप्रेसने जा ना, गणपतीत ट्रॅफिक बघितलंय का!

भांडुपकर: आई-बाबांना तिकीट मिळत नाहीये म्हणून तर गाडी. पीडीएफमध्ये आरएसए (रोडसाइड असिस्टन्स) लिहिलंय, किमी कुठेच नाही. ऑटोमॅटिक आहे, सीएनजी किट बाहेरून बसवलंय, त्याने फरक पडतो का?

स्टेपनी७७: अहो हे आधी सांगायचं! किट आरसीवर चढवलंय का, पॉलिसीत नोंद आहे का? नसेल तर क्लेमला वांधे होतात. आणि ऑटोमॅटिक फ्लॅटबेडवरच (पूर्ण गाडी वर घेणारा सपाट ट्रक) चढवायला सांगा, इंजिनने फिरणारी चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स जाऊ शकतो. पॉलिसीवरच्या नंबरला आजच फोन करून टोइंगचे किमी आणि फ्लॅटबेड दोन्ही विचारा. नवीन प्लॅन आत्ता घेऊ नका, काही प्लॅन घेतल्यावर थोड्या दिवसांनी चालू होतात, शनिवारी उपयोग नाही.

पुणेरी_टायर: कोल्हापूरवरून गगनबावड्याने जा, रस्ता बरा.

घाटवळण: सोबत म्हातारी माणसं आणि लहान मूल, त्यांना पावसात त्या घाटात कशाला पाठवताय?

भांडुपकर: आरसीवर आहे, पॉलिसीचं बघतो. फोन लावलाय, होल्डवर आहे.