सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी दोन वर्षं ताईचं अंग ठणकतंय

प्रश्न : माणकाठ

माझी ताई ४४ वर्षांची आहे, अंगणवाडीत काम करते. दोन वर्षांपूर्वी मान धरली, मग खांदे, कंबर, मांड्या. आता दुखत नाही अशी जागा विचारावी लागते. आठ तास झोपूनही सकाळी रात्रभर ऊस तोडल्यासारखी उठते. परवा बांगड्या भरताना कासारणीने हात जरा दाबला तर कळवळली.

आमवातासाठीची आरए फॅक्टर ही रक्ततपासणी, युरिक अ‍ॅसिड, कंबरेचा एमआरआय, सगळं झालं. कुणी वात म्हणालं, कुणी ड जीवनसत्त्व कमी आहे म्हणालं. शेवटच्या दवाखान्यात "काही झालेलं नाही, मन रमवा" असं सांगितलं. त्या दिवसापासून ती दुखण्याबद्दल घरातही बोलत नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

फायब्रोमायल्जिया हे नाव ऐकलंय. ते कुठल्या तपासणीत कळतं?

उत्तर : शेवंती

मला सहा वर्षं आहे. दुखणं तर आहेच, पण मी गॅसवर दूध ठेवून विसरायचे, ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर यायचं नाही. हे त्याच आजारातलं असतं हे मला फार उशिरा कळलं. ताईंना हेही विचारा.

उत्तर : तालुक्याची डॉक्टर

कुठल्याच तपासणीत कळत नाही, आणि इथेच आम्ही डॉक्टर चुकतो. मीसुद्धा एका बाईंना तीन वर्षं वेदनाशामक गोळ्या देत राहिले. त्यांना झोपेबद्दल एकदाही विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

या आजारात सांध्यात किंवा स्नायूत सूज नसते, म्हणून सूज दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या नॉर्मल येतात. बिघाड असतो वेदनेचा निरोप नेणाऱ्या यंत्रणेत. मज्जारज्जू आणि मेंदू तो निरोप वाढवून पोचवतात, म्हणून बांगडीचा दाबही ठणक्यासारखा लागतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग होत नाही तोही यामुळेच.

१९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून पाहत आणि ११ दुखल्या तर निदान करत. २०१० पासून विचारण्यावर भर आला. शरीराचे १९ भाग धरतात आणि गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखलं ते मोजतात. त्याच्या जोडीला थकवा, न भागलेली झोप आणि विसराळूपणा किती तीव्र आहे ते पाहतात. डोकेदुखी, ओटीपोटात कळा, उदासी यांचीही नोंद घेतात. सात किंवा जास्त भाग दुखत असतील, बाकीच्या त्रासाचे १२ पैकी किमान ५ गुण भरत असतील आणि हे तीन महिने टिकून असेल, तर निदान धरतात. २०१६ च्या सुधारणेनुसार दुखणं अंगभर पसरलेलं असावं लागतं.

घरी कागदावर माणसाची आकृती काढा, पुढून आणि मागून, आणि ताईंना दुखरे भाग रंगवायला सांगा. तो कागद घेऊन फिजिशियनकडे किंवा संधिवाततज्ज्ञांकडे जा.

उत्तर : पाटाकडेचा

घाई करू नका. आमच्या आईलाही हेच नाव सांगितलं होतं, निघाला थायरॉइड.

उत्तर : तालुक्याची डॉक्टर

बरोबर आहे. टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, सीपीके (स्नायूंसाठी) एकदा व्हायलाच हवं. ताप, वजन घटणं, सांध्यावर दिसणारी सूज असेल तर दुसरं कारण शोधावंच लागतं. मात्र दुसरा आजार सापडला म्हणून हा नाहीच असंही समजू नका. आमवाताच्या, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताच्या, कितीतरी रुग्णांना हाही असतो. त्यांचा आमवात आटोक्यात येतो, दुखणं राहतं, आणि आम्ही आमवाताच्याच गोळ्या वाढवत बसतो.

उपचारांत सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. पण सुरुवात दहा मिनिटं चालण्यापासून करा, हळूहळू वाढवा. पहिल्याच दिवशी तासभर चालल्या तर दोन दिवस उठवणार नाही. रात्रीची कमी मात्रेची अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगॅबालिन काहींना लागू पडते, ते डॉक्टरच ठरवतील.

माणकाठ

काल रात्री ताईने आकृती रंगवली. तेरा भाग झाले. जबड्याच्या दोन्ही बाजू तिने रंगवल्या तेव्हा मी विचारलं, हे कधी बोलली नाहीस? म्हणाली, कुणी विचारलंच नाही. टीएसएच उद्या सकाळी देतोय. कागद घडी करून तिनेच पर्समध्ये ठेवलाय.