मदत हवी आहे : उत्तर न देणाऱ्या मित्राला पुन्हा मेसेज केव्हा करावा?

आर्वी तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या शाळेतील मित्राकडून पोळ्यापासून एकाही मेसेजला उत्तर आलेले नाही, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन राखाडी खुणा दिसतात, म्हणजे मेसेज त्याच्या फोनपर्यंत पोहोचले आहेत. मात्र निळ्या खुणा बंद ठेवता येत असल्यामुळे त्याने ते वाचले की नाही, हे त्यावरून कळत नाही. ग्रुपमध्ये ही सोय नसते, त्यामुळे वर्गाच्या ग्रुपवरील माझ्या दिवाळीच्या शुभेच्छा त्याने वाचल्याचे मात्र दिसते.

आमच्यात भांडण नाही, उसनवारीही नाही. सध्या कापसाची वेचणी चालू आहे, वेचणीला बाया मिळत नाहीत, हरभऱ्याचे ओलित रात्रीच्या लाइनवर करावे लागते. अशा माणसाला फोन हातात घेण्याची उसंत नसते, हे मी जाणतो. सुरुवातीला ख्यालीखुशाली विचारली, नंतर सकाळी फोन केला, तो उचलला गेला नाही. माझ्याही शेतात वेचणी असल्यामुळे इतक्यात त्याच्या गावी जाणे जमणार नाही, आणि घरच्यांकडे चौकशी केली तर ती तक्रार वाटेल, म्हणून ते टाळले आहे.

वेचणी आटोपेपर्यंत थांबावे, की आताच संध्याकाळी पुन्हा फोन करावा; आणि मेसेजच करायचा झाल्यास, उत्तर राहून गेल्याचे ओझे त्याला वाटू नये म्हणून त्यात नेमके काय लिहावे?