शब्दचर्चा : 'तारतम्य' बाळगायचं की त्याविरुद्ध तक्रार करायची?

शहापूर, बेळगाव

माझी भाची खानापूर तालुक्यातल्या गावाहून रोज बसनं बेळगावात कॉलेजला येते. पदवीचं दुसरं वर्ष. शाळा सगळी मराठीतून झाली. कन्नड वाचते, पण अक्षर लावत लावत. परवा तिनं कॉलेजच्या फलकावरची एक ओळ देवनागरीत उतरवून मला पाठवली: 'लिंग तारतम्य मत्तु किरुकुळद बग्गे दूरु नीडलु आंतरिक दूरु समितियन्नु संपर्किसि.' खाली तिचा प्रश्न : "मावशी, तारतम्य तर चांगलं असतं ना? मग त्याच्याविरुद्ध समिती कशाला? आणि ही समिती दूरची आहे का?"

पोरीला खरोखरच तक्रार द्यायची आहे, म्हणून विचारते आहे. काय घडलं ते मी इथं लिहिणार नाही. तिनं लिहिलेला शब्द वाचणाऱ्याला तिच्याच अर्थानं कळावा, एवढंच मला हवंय. तारतम्य, किरुकुळ, दूरु यांना मराठीत नेमकं काय म्हणायचं? आणि 'छळ' लिहायला ती बिचकते. म्हणते, "छळ म्हणजे सासरी करतात तो. मला नुसता त्रास होतोय."

निपाणी

ताई, भाचीचा गोंधळ अगदी रास्त आहे. शब्द एकच, संस्कृतातून दोन्ही भाषांत आला आणि दोन घरी दोन वळणांनी वाढला. 'तर' आणि 'तम' हे प्रत्यय आपल्याला माहीत आहेत : लघु, लघुतर, लघुतम. पायरीपायरीनं कमीजास्त ठरवणं म्हणजे तारतम्य. मध्वाचार्यांच्या द्वैत मतात जीवांचं 'तारतम्य' येतं ते याच अर्थानं, जीवाजीवांतली उच्चनीच श्रेणी. कन्नडनं ती उच्चनीचता धरून ठेवली, म्हणून तिकडे माणसामाणसांत पायऱ्या लावल्या की ते तारतम्य, म्हणजे भेदभाव. मराठीनं पायऱ्या ओळखण्याची अक्कल तेवढी उचलली. म्हणून आपण म्हणतो, 'बोलताना जरा तारतम्य ठेव.' आपल्याकडचा 'तरतमभाव' मात्र अजून कन्नड अर्थाच्या जवळ आहे.

तेव्हा फलकावरच्या तारतम्याला मराठी शब्द 'भेदभाव'. दुजाभाव, आपपरभाव हेही आहेत, पण ते घरातले शब्द. सुनेत आणि लेकीत केलेल्या फरकाला शोभतात. माझा आवडता शब्द मात्र 'पंक्तिप्रपंच'. एकाच पंगतीला बसवून एकाच्या पानात तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानात थेंब. वसतिगृहाच्या मेसमध्ये, प्रयोगशाळेत, तोंडी परीक्षेत जे चालतं ते या शब्दाइतकं नेमकं कुणी सांगत नाही. वरून सगळे एकाच पंगतीत दिसतात, म्हणून पुरावा देणं अवघड जातं. तक्रारीत तो शब्द लिहू नये, कारण कन्नड सदस्याला तो कळणार नाही. पण तक्रार लिहिताना डोक्यात ठेवावा : कुणाच्या पानात काय वाढलं, आणि माझ्या पानात काय.

'दूरु'चा 'दूर'शी संबंध नाही. दूरु म्हणजे तक्रार, आंतरिक दूरु समिती म्हणजे अंतर्गत तक्रार समिती. कॉलेजातच असते, दूर कुठं जायला नको.

टिळकवाडी, बेळगाव

एका महाविद्यालयाच्या अशा समितीत बाहेरची सदस्य म्हणून मी काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आधी एक : ताई, तुम्ही कॉलेजचं नाव आणि घडलेली गोष्ट लिहिली नाहीत हे फार बरं केलंत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या १६ व्या कलमानं तक्रार करणारी, जिच्यावर किंवा ज्याच्यावर तक्रार आहे ती व्यक्ती, साक्षीदार, चौकशीतलं काम, यातलं काहीच बाहेर छापता किंवा पसरवता येत नाही. इथून पुढेही तसंच राहू द्या.

आता 'छळ', म्हणजे फलकावरचं 'किरुकुळ'. संस्कृतात छल म्हणजे कपट. मराठीत आल्यावर त्याचा जाच झाला, आणि जाच म्हटला की डोळ्यांपुढे सासर येतं. भाचीला शब्द जड वाटतो तो त्यामुळे. उलट कन्नड 'किरुकुळ'च्या तोंडाशी 'किरु' आहे, म्हणजे लहान, जसं किरुचित्र. ऐकणाऱ्याला त्यात रोजची बारीकसारीक पीडा ऐकू येते. आता गंमत नव्हे, अडचण अशी की एकाच फलकावर कन्नड वाचणाऱ्याला गुन्हा हलका वाटतो आणि मराठी वाचणारीला इतका भारी वाटतो की ती म्हणते, माझं तेवढं काही झालेलं नाही. कायद्याला या दोन्ही टोकांशी घेणं नाही. अंगाला हात लावणं किंवा जवळीक करू पाहणं, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्र दाखवणं, आणि तोंडानं, हातानं किंवा नुसत्या हावभावानं केलेली लैंगिक स्वरूपाची कुठलीही नकोशी वागणूक, हे सगळं त्यात येतं. त्यातला कळीचा शब्द 'नकोशी'. सरकारी भाषांतरांत याला जड जड प्रतिशब्द सापडतात, पण 'मला ते नको होतं' याहून स्पष्ट मराठी मला तरी सुचत नाही.

म्हणून मी मुलींना सांगते, 'छळ' लिहू की 'त्रास' लिहू, यात अडकू नका. नाव समिती देईल. तुमच्याकडे जे शब्द आहेत तेच लिहा. मराठीत त्यांची काही उणीव नाही : अंगचटीला येणे, लगट करणे, डोळा घालणे, आडून बोलणे, टोमणा मारणे, वाट अडवणे. यातला प्रत्येक शब्द एक वेगळी कृती दाखवतो. 'गैरवर्तन' या शब्दात सगळ्या कृती विरून जातात.

दिवसांचा हिशेब मात्र पाठ असावा. घटना घडल्यापासून (अनेकदा घडलं असेल तर शेवटच्या घटनेपासून) ३ महिन्यांत लेखी तक्रार, कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे, कायद्यात तसं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे स्वतंत्र नियम २०१६ च्या मे महिन्यात आले. त्यांत ७ दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला जाते, त्यानं १० दिवसांत उत्तर द्यायचं, ९० दिवसांत चौकशी पुरी. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी हवेत, आणि अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिलाच. तुमच्या कॉलेजातले ते तीन विद्यार्थी कोण, हे भाचीनं आधी विचारावं. ती नावं ठाऊक नसणारी कॉलेजं मी पाहिली आहेत.

आणि फलकावर 'तारतम्य' आणि 'किरुकुळ' एकत्र असले तरी त्यांचे दरवाजे वेगळे आहेत. जात, धर्म, भाषा, अपंगत्व यांवरून केलेल्या भेदभावासाठी आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला लावले. रॅगिंगचे नियम त्याआधीचे, २००९ चे. शिवाय २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल आहे. बेळगावात लोकपाल म्हटलं की लोकांना लाचखोर पकडणारे लोकायुक्त आठवतात. हे ते नव्हेत. हे कुणी निवृत्त कुलगुरू, प्राध्यापक किंवा जिल्हा न्यायाधीश असतात.

खानापूर

दूरुवरून आठवलं. आमच्या तालुका कचेरीत पूर्वी पाटी असायची, 'सार्वजनिक अहवालु स्वीकार'. माझे वडील ती वाचून म्हणाले होते, 'अहवाल त्यांनी द्यायचा की आपण?' कन्नडमध्ये अहवालु म्हणजे आपलं गाऱ्हाणं, कैफियत. आणि आपण ज्याला अहवाल म्हणतो त्याला ते 'वरदि' म्हणतात. मराठीत वर्दी म्हणजे पोलिसांना दिलेली पहिली खबर! म्हणजे चौकशीच्या दोन टोकांना हेच दोन शब्द उलटे बसलेत : त्यांचं काम अहवालुनं सुरू होऊन वरदिनं संपतं, आपलं वर्दीनं सुरू होऊन अहवालानं संपतं. मुलीला 'वरदि आली' असा निरोप मिळाला तर ते कुणी पोलिसांत गेल्याचं नव्हे, समितीचा अहवाल आल्याचं आहे. तेवढं तिला सांगून ठेवा, उगाच घाबरेल.

'तक्रार'सुद्धा जपून. अरबीत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. हिंदीत भांडण झालं, आपल्याकडे फिर्याद, कन्नडमध्ये 'तकरारु' म्हणजे हरकत किंवा वाद. जमिनीच्या नोंदीवर हरकत घेतात तो 'तकरारु अर्जि'. कन्नड कारकुनाला नुसतं 'तकरार' ऐकू आलं तर त्याला वाटतं दोघांचं भांडण आहे, मिटवून टाकू.

कोल्हापूर (मूळ संकेश्वर)

खानापूरच्या दादांचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. माझ्या एका मैत्रिणीचं प्रकरण सांगते. वर्ष, गाव, संस्था काही सांगत नाही. तिची बोली आमच्या भागातली, म्हणजे 'मी सांगितलो', 'मी नको म्हटलो'. कन्नडच्या सहवासानं आमच्या मराठीला आलेलं हे वळण आहे, त्यात चूक काही नाही. तिनं लिहिलं होतं, 'ते अंगचटीला आले. मी नको म्हटलो. तरी तिथंच उभे राहिले.' तीन वाक्यं. लिहून घेणाऱ्यानं आधी तिचं 'म्हटलो' खोडून 'म्हटले' केलं, मग ते इंग्रजीत गेलं, आणि महिन्यानं तिच्या हातात पडलेल्या कागदावर उरलं होतं 'असभ्य वर्तन केल्याचा आक्षेप'. 'नको म्हटलो' कुठेच नव्हतं. तरीही तिथंच उभे राहिले, हेही नव्हतं. 'हे माझं नाही' असं ती म्हणाली तर उत्तर आलं, अर्थ तोच आहे की.

अर्थ तो नव्हता. नकार दिल्यानंतर काय झालं, हाच तर सगळा अर्थ होता.

शेवटी पत्र आलं : 'संबंधितांना समज देण्यात आली असून गैरसमज दूर झाला आहे.' समज आणि गैरसमज एका वाक्यात. मराठीत 'समज देणे' म्हणजे ताकीद, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या शेजारी गैरसमज ठेवला की वाचणाऱ्याला वाटतं, चुकून काहीतरी वाटलं होतं पोरीला, आता समजूत पटली. तिची समजूत कुणीच काढली नव्हती. टिळकवाडीच्या ताई, अशी मिटवामिटवी नियमात बसते का?

टिळकवाडी, बेळगाव

नाही बसत. समेट फक्त तिनं स्वतः मागितला तर, आणि चौकशी सुरू होण्याआधी. पैसे देऊन तर नाहीच. समितीनं पुढाकार घेऊन 'मिटवून घ्या' म्हणणं चूक आहे. आणि ज्या मुलींना वाटतं की सिद्ध झालं नाही तर आपल्यालाच शिक्षा होईल, त्यांनी हे ऐकावं : आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, कायद्यानं ते स्पष्ट लिहिलंय.

जबाबाचं म्हणाल तर त्याला कन्नडमध्ये 'हेळिके' म्हणतात, शब्दशः 'सांगणं'. मला तो 'जबाब'पेक्षा बरा वाटतो. जबाब आपण विचारल्यावर देतो. हेळिके आपलं आपण सांगतो. भाचीनं आपलं सांगणं मराठीतच, आपल्या बोलीत लिहावं, प्रत ठेवावी, आणि भाषांतर झालं तर ते वाचून मगच सही करावी. 'म्हटलो' तर 'म्हटलो' राहू द्या.

निपाणी

एक पुस्ती. जातीवरून बोललं गेलं असेल तर कन्नड कागदांत 'दौर्जन्य' येईल. आपल्याला वाटतं सौजन्याच्या उलट, म्हणजे थोडा उद्धटपणा. कन्नडमध्ये दौर्जन्य म्हणजे अत्याचार. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याला ते हाच शब्द वापरतात. हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यानं २०१६ मध्ये जीव दिला, मुंबईत डॉक्टर पायल तडवी हिनं २०१९ मध्ये. दोघांच्या आया पुढे मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, विद्यापीठांतला जातिभेद थांबवा म्हणून. त्यांच्या अर्जातल्या 'भेदभाव'ला कुणी 'गैरसमज' म्हणू नये, म्हणून मी शब्दांच्या मागे इतका लागतो.

शहापूर, बेळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून कागद लिहिला. वर कन्नडमध्ये तिच्या हातानं 'दूरु' आणि खाली मराठीत मजकूर. तारीख, वार, कुठला तास, दाराजवळ कोण होतं. 'छळ' शब्द तिनं लिहिला नाही, 'त्रास'ही नाही. जे झालं ते लिहिलं, आणि 'मला ते नको होतं, मी तसं सांगितलो' हे वाक्य ओळ सोडून वेगळं लिहिलं. मी सवयीनं 'सांगितलं' करायला गेले तर तिनं माझा हात धरला.

आज समितीच्या मॅडमकडे दिलं. पोच मिळाली, शिक्क्यासह. त्या नमुन्यावर नावापुढे कन्नडमध्ये 'संत्रस्ते' छापलेलं होतं आणि खाली मराठीत कुणीतरी पेनानं लिहिलं होतं 'पीडित'. भाचीनं ते वाचलं, मॅडमना विचारलं, आणि त्यावर एक रेघ मारून शेजारी 'तक्रारदार' लिहिलं.