जुन्या स्प्लेंडरचा क्लच चिकटतो, दाबला तरी गाडी पुढे ओढते

पांदणवाला (दारव्हा तालुका):
नमस्कार मंडळी. बाबांची २००२ ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. मृग लागला तेव्हापासून ती कोठ्यात उभी होती. आमच्या वावराची पांदण पावसाळ्यात गाडीची राहतच नाही, काळी माती मडगार्डात भरून चाकच थांबते. आता कापूस वेचणीला आला, वावरात डबे-पाणी न्यायला रोज गाडी पाहिजे, म्हणून बाहेर काढली.

किकवर सुरू होते. पण क्लच दाबून पहिला टाकला की खाडकन आवाज, गाडी पुढे झेप घेते आणि बंद पडते. ढकलत सुरू करून चालवली तर पुढचे गिअर पडतात, थांबताना मात्र न्यूट्रल सापडत नाही. लिव्हर जड झाली आहे आणि सोडल्यावर हळूहळू परत येते. ऑईल बाबांनी उन्हाळ्यात बदललं, ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधलं.

गॅरेजवाल्यानं लिव्हर दाबून पाहिली आणि सरळ सांगितलं, पूर्ण क्लच बदला. कापसाचा पैसा अजून हातात आला नाही. घरच्या घरी आधी काय पाहता येईल?

खडखड_३५०:
माझी जुनी बुलेट आहे. थंडीत सकाळी तिच्या क्लचमधल्या प्लेटा एकमेकींना चिकटतातच. सुरू करायच्या आधी क्लच दाबून दोन-तीन किका मारतो, प्लेटा सुटतात, मग क्लच सोडून नेहमीसारखी सुरू करतो. तुमची चार महिने उभी होती, प्लेटाच असतील.

फाट्यावरचा पाना (दर्यापूर):
भाऊ, इतक्यात इंजिन खोलू देऊ नका. लिव्हर सोडल्यावर हळू परत येते असं तुम्ही लिहिलं, त्यातच अर्धं उत्तर आहे. नुसत्या प्लेटा चिकटल्या असत्या तर लिव्हर हळू आली नसती, कारण आतल्या स्प्रिंगा तिला झटक्यात मागे आणतात. हळू येते म्हणजे वाटेत काहीतरी धरते आहे, आणि बहुतेक वेळा ती केबल असते. बुलेटवाल्या भावाचं म्हणणंही सोडू नका, चार महिने उभ्या गाडीत प्लेटा चिकटणारच. म्हणून आधी दोन्ही बाजू वेगळ्या करून बघा.

इंजिनच्या उजव्या कव्हरवर क्लचचा हात आहे, तिथे केबलचं खालचं टोक अडकवलेलं असते. ॲडजस्टरचे नट ढिले करा आणि टोक त्या हातातून काढून घ्या. आता वरची लिव्हर दाबा आणि खालून तार ओढा. सुटलेली तार दोन बोटांनी सहज सरकली पाहिजे. खरखर लागली, मधेच अडकली, तर दोष केबलचा. मग इंजिनवरचा तो हात फिरवून बघा. थोडी रिकामी चाल, त्यानंतर स्प्रिंगांचा घट्ट विरोध, आणि सोडला की लगेच जागेवर. असं होत असेल तर लिफ्टर, म्हणजे प्लेटा सोडवणारा आतला भाग, ठीक आहे. जाता जाता लिव्हरचा बोल्टही काढा, पुसून ग्रीस लावा. तो वाळला की केबल नवी असूनही लिव्हर जड लागते.

केबल आतून कशी होते ते मी रोज पाहतो. आमचा खारपाणपट्टा, बोरचं पाणी खारं, त्याच पाण्यानं लोक गाड्या धुतात आणि पाणी केबलच्या टोपणातून आत उतरते. तुमच्याकडे पाणी गोडं असेल, पण कोठ्यातली ओल तेच काम करते. नुसती कोरडी पडली असेल तर केबल काढून खुंटीला उभी टांगा. दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा कापून वरच्या टोकाला दोऱ्यानं घट्ट बांधा, त्यात पातळ ऑईल ओता आणि रात्रभर राहू द्या. आधी तांबूस येते, खालून स्वच्छ थेंब पडायला लागले की झालं. पण तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर ऑईलच्या भानगडीत पडू नका, नवी केबल टाका. अशी तार गर्दीच्या रस्त्यावर तुटली की माणूस गिअरमध्ये अडकून पडतो. वावरातून भरल्या गाडीनं येताना तर नकोच.

केबल बसवल्यावर लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी रिकामी चाल ठेवा. जास्त ढिली राहिली तर क्लच पूर्ण सुटत नाही, ताठ ठेवली तर चढावर घसरतो आणि प्लेटा जळतात. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, चाल बदलली तर केबल चुकीच्या वाटेनं गेली आहे.

आता प्लेटा. गाडी थोडी गरम करून बंद करा. लिव्हर पूर्ण दाबून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं मुठीला बांधा, रात्रभर तशीच ठेवा. सकाळी इंजिन बंद असतानाच चौथा टाकून गाडी मागे-पुढे हलवा. मागचं चाक मोकळं फिरलं की प्लेटा सुटल्या.

आणि ते ऑईल काढा. ट्रॅक्टरचं ऑईल डिझेल इंजिनासाठी असते आणि आपल्या गाडीच्या मानानं घट्ट. स्प्लेंडरचा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, घट्ट ऑईल थंडीत दोन प्लेटांना एकमेकींपासून सुटू देत नाही. १०डब्ल्यू-३० जाडीचं घ्या, बाटलीवर ‘जासो एमए’ (ऑईलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑईलची खूण) असं लिहिलेलं पाहून. कारचं ऑईल नको, त्यानं उलटा त्रास होतो, क्लच घसरतो. ९०० मिलीची बाटली सगळी ओतू नका. गाडी डबल स्टँडवर घेऊन, डिपस्टिक आट्यात न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहत भरा.

आरेक्स_वणी:
पानाभाऊ, माझ्याकडे आरएक्स १०० आहे, तिलाही हेच लागू का?

फाट्यावरचा पाना (दर्यापूर):
केबलचं सगळं लागू. ऑईलचं वेगळं. ती टू-स्ट्रोक, तिचं टू-टी ऑईल पेट्रोलबरोबर जळून जाते आणि क्लच गिअरबॉक्सच्या ऑईलमध्ये चालतो. ते वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही. आधी ते बदला.

पांदणवाला (दारव्हा तालुका):
पानाभाऊ, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. केबल खालून सोडली तर तार हेडलाइटच्या मागच्या वळणावर अडकत होती, आणि लिव्हरजवळच्या गोळीपाशी काही धागे तुटलेले होते. दारव्ह्याहून नवी आणली. लिव्हर हलकी झाली, झटकन परत येते. पहिला टाकला की झेप तरीही घेतच होती. मग ट्यूबची पट्टी बांधून ठेवली. सकाळी चौथ्यात हलवली तर आधी चाक जागचं हलेना, जोर लावला तर टक् आवाज आला आणि मोकळं झालं. आता पहिला गिअर शांत पडतो.

सतराच्या पान्यानं ऑईल सोडलं तर दुधाच्या चहासारखं भुरकट निघालं. नवीन टाकलं. बाकी एकच राहिलं आहे, गाडी चांगली तापल्यावर उभ्या-उभ्या न्यूट्रल लागत नाही. आता तरी क्लच खोलावा लागेल का?

फाट्यावरचा पाना (दर्यापूर):
भुरकट म्हणजे ऑईलमध्ये पाणी मिसळलं होतं. आताचं नवीन ऑईलही थोडं चालवून काढून टाका, आत राहिलेलं त्याच्याबरोबर निघून जाईल. पैसा जातो, पण बेअरिंगं वाचतात.

न्यूट्रलसाठी आधी आयडल बघा, म्हणजे रेस न देता इंजिन किती वेगानं फिरते ते. केबल अडकत होती तेव्हा गाडी बंद पडू नये म्हणून कोणीतरी आयडलचा स्क्रू आवळला असेल. या गाडीचं आयडल १४०० आरपीएमच्या आसपास पाहिजे. मीटर नसेल तर कानानं, गाडी बंद न पडता संथ चालली पाहिजे. ते तापलेल्या इंजिनवरच लावा. आयडल उतरवूनही गरम झाल्यावर ओढतच राहिली, तर मात्र खोला. तेव्हा स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून वाकल्या का ते फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पाहायचं, ०.२० मिमीच्या वर गेल्या तर बदलायच्या. हाउसिंगच्या (प्लेटा ज्यात बसतात तो डबा) बोटांवर प्लेटांनी खाचा पाडल्या असतील तर प्लेट त्यात अडकते. हलकी खाच बारीक कानशीनं सपाट होते, खोल असेल तर हाउसिंग गेलं. नव्या फ्रिक्शन प्लेटा कोरड्या कधी बसवू देऊ नका, आधी इंजिन ऑईलमध्ये भिजत ठेवायच्या. स्प्रिंगांचे चारही बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळायचे.

हे सगळं तुमच्या समोर करून घ्या. काढलेल्या प्लेटा हातात घेऊन बघा.

पांदणवाला (दारव्हा तालुका):
आयडलच होतं! स्क्रू खूप आवळलेला निघाला. उतरवला, आता वावरातून तापून आली तरी न्यूट्रल लागते. बाबा म्हणतात, पुढच्या पावसाळ्यात लिव्हर बांधूनच उभी ठेवू. चालेल का?

फाट्यावरचा पाना (दर्यापूर):
चालते, प्लेटा सुट्या राहतात. पण नव्या केबलवर चार महिने ताण राहतो, आणि कार्बोरेटर, चेन, टायर यांना त्याचा काही फायदा नाही. त्यापेक्षा पंधरा-वीस दिवसांनी उघाड पडली की गावातल्या डांबरी रस्त्यावर पूर्ण तापेपर्यंत चालवून आणा, क्लच दाबत, सगळे गिअर टाकत. नुसती जागेवर सुरू करून बंद केली तर ऑईलमधलं पाणी उडत नाही, उलट वाढते.